चाळीस दगडांतला एक

साडू म्हणजे एकाच दुकानात फसलेली दोन गिऱ्हाइकं, हा गवंड्याचा ठेवणीतला विनोद होता. धाकट्या साडूने पुस्तक लिहिलं आणि गवंड्याने तो विनोद बंद केला. एक गिऱ्हाईक फसलेलं आणि दुसऱ्याला घबाड लागलेलं, यात हसायचं काय?

पुस्तक डोंगरावरच्या पडक्या किल्ल्याचं होतं. दोनशे बारा पानं, जाड पुठ्ठा, वर पूर्वेच्या तटाचा फोटो. साडू नगरपालिकेच्या दप्तरखान्यात कारकून, उभा जन्म जुन्या कागदांची धूळ खाण्यात गेलेला. गवंडी त्याच किल्ल्यावर एकतीस वर्षं डागडुजी करत होता. उन्हाने पाठ सोलली, थंडीने बोटं फुटली, हातोड्याच्या आवाजाने उजवा कान गेला. आणि इतिहास लिहिला कोणी? तर ज्याला वर चढताना तीनदा बसावं लागतं आणि चौथ्यांदा पाणी मागावं लागतं, त्याने.

गावात जो तो पुस्तकाचं नाव काढत होता. गवंडी दाढीला बसला की न्हावी विचारायचा, "काय हो, ते लेखक तुमचे साडू ना?" वस्तरा गळ्यावर असल्यामुळे गवंड्याला हो म्हणावं लागायचं.

घरी तर पळायलाही जागा नव्हती. बायको जेवताना वाचून दाखवायची.

"ऐका हो. 'या तटासमोर उभं राहिलं की शब्द संपतात. दोन दगडांच्या सांध्यात सुरीचं पातं जात नाही. हा तट उभारणाऱ्या उस्तादाचं नाव काळाने पुसलं, पण आजच्या कारागिरांनी इथे यावं आणि मान खाली घालावी.' काय लिहिलंय ना? माझ्या तर अंगावर काटा आला."

"मीठ दे," गवंडी म्हणाला.

"पुढ्यातच आहे. डोळे पुस्तकावर असल्यावर मीठ कसं दिसेल?"

"मी कशाला बघू त्याच्या पुस्तकाकडे?"

"तेच म्हणते मी. त्या बिचाऱ्याने शेवटच्या पानावर तुमचे आभारसुद्धा मानलेत. 'माझे ज्येष्ठ साडू, ज्यांनी वेळोवेळी शिडी धरली.'"

शिडी! गवंड्याने अर्ध्या जेवणावरून ताट सरकवलं आणि हात धुवायला उठला.

कारण तो तट गवंड्याने बांधला होता. त्याने स्वतः, त्याच्या या दोन हातांनी. सातशे वर्षांपूर्वी नव्हे, तीस वर्षांपूर्वी.

हे कसं, ते कळायला किल्ल्याची गोष्ट सांगावी लागेल. पुस्तक येण्याआधी ती सगळ्या गावाला अशी ठाऊक होती. खालच्या खिंडीतून जाणाऱ्या व्यापाऱ्यांना लुबाडायला एका सरदाराने डोंगरावर किल्ला बांधला. पुस्तकात याला 'जकात' म्हटलंय. तीन पिढ्यांनी बसून खाल्लं. चौथ्या पिढीतला सरदार भर तारुण्यात गेला, मागे बायको राहिली. बाई एकटी बघून शेजारच्या राजाने वेढा घातला. त्याच्या माणसांनी पूर्वेच्या तटाखाली भुयार खणलं, वरचा भार लाकडी खांबांवर तोलला आणि मग खांबच पेटवून दिले. तट खचला, खिंडार पडलं, शत्रू आत शिरला, किल्ला पडला. पुढे कुणी तो वसवला नाही. छपरं कुजली, आणि गावकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या दगड खाली वाहून आपापली घरं उठवली. आज गावातल्या निम्म्या उंबरठ्यांना किल्ल्याचा दगड आहे. त्याला कुणी चोरी म्हणत नाही, कारण म्हणायचं तर स्वतःच्याच उंबरठ्यावर उभं राहून म्हणावं लागेल.

साडूने ही गोष्ट उलटी केली. पूर्वेच्या तटात त्याला चाळीस दगड सापडले. प्रत्येकाच्या कोपऱ्यात छिन्नीने कोरलेली बारीक खूण होती, पक्ष्याच्या पावलासारख्या तीन रेघा. अख्ख्या किल्ल्यात दुसरीकडे कुठे ती नाही. शिवाय मठातल्या एका जुन्या कागदावर एक ओळ मिळाली, 'बाईने बाहेरून एक कारागीर आणवला.' झालं! साडूने दोनात दोन मिळवून बावीस केले. बाईने वेढा चालू असतानाच, बाणांच्या माऱ्यात, त्या उस्तादाकडून खिंडार बुजवून घेतलं. म्हणजे शत्रू तिथून आला नाही. मग कुठून आला? दरवाजातून. दरवाजा कोणी उघडला? द्वारपालाने. फितूर!

गाव खूश. आधी त्यांचा किल्ला हरला होता, आता तो फसवला गेला होता. हरलेल्यांची पोरंबाळं होण्यापेक्षा फसवलेल्यांची पोरंबाळं व्हायला माणसाला कधीही आवडतं. आणि सातशे वर्षांपूर्वीच्या द्वारपालाला शिव्या घालायला काही लागत नाही. तो उलटून बोलत नाही.

खरं असं होतं की खिंडार कधी बुजलंच नव्हतं. गवंडी सव्वीस वर्षांचा असताना ते बुजवायचं काम निघालं. ती बाजू कड्यावरची, काटेरी झुडपांत बुडालेली. तिकडे वाट नव्हती, कुणी फिरकत नव्हतं. त्या वेळचा मुकादम म्हातारा होता, तोंडाने फटकळ आणि हाताने सोनं. त्याचा एक नियम होता, आणि डागडुजीच्या धंद्यात तो सगळेच पाळतात. जुन्या भिंतीत नवा दगड बसवायचा तर बोटभर आत बसवायचा. म्हणजे पुढे बघणाऱ्याला कळतं, जुनं कुठे संपलं आणि आपण कुठे सुरू झालो. "आपण ठिगळ लावणारे," म्हातारा म्हणायचा. "ठिगळाने ठिगळासारखं दिसावं. कापडाचं सोंग आणू नये."

नेमका म्हातारा पाय मोडून दोन महिने घरी पडला. आणि नेमका त्याच दिवसांत सरकारी इंजिनिअर तपासणीला आला, दक्षिणेच्या बुरुजावर हात फिरवून म्हणाला, "असं काम आता कुणाला जमत नाही." गवंडी मागेच उभा होता, हातात चुन्याचं घमेलं घेऊन. त्याला त्या दिवशी मेलेल्या माणसांचा हेवा वाटला. जिवंत माणसाचा हेवा करायला हरकत नसते, तो कधीतरी तोंडावर आपटतो. मेलेले आपटत नाहीत.

त्याने नियम मोडला. चाळीस दगड जुन्या तटाला बरोब्बर लागून बसवले, बोटभर काय, केसभरही आत नाही. जुन्यांसारखी रुंद पात्याची छिन्नी लोहाराकडून करून घेतली. दगडाचं तोंड त्यांच्यासारखंच तिरप्या घावांनी घडवलं. शेवाळ लवकर धरावं म्हणून वरून ताक चोपडलं, त्यावर काजळी चोळली. दोन पावसाळे गेल्यावर तो तट सातशे वर्षांचा दिसू लागला.

म्हातारा कुबडी घेऊन आला तो काम संपता संपता. त्याने तटावर तळवा फिरवला, बराच वेळ फिरवला. मग गवंड्याच्या कानाखाली एक सणसणीत ठेवून दिली आणि म्हणाला, "हे मला जमलं नसतं." आणि लगेच, "तोंड उघडशील तर दोघांच्या पोटावर पाय येईल." कामाच्या वहीत त्याने लिहिलं, 'पूर्व तट, सांधे भरले.' गवंड्याला आयुष्यात मिळालेली तेवढी एक शाबासकी. ती देणारा चार वर्षांनी वारला, आणि ती ऐकणारा दुसरा कुणी तिथे नव्हता.

तीस वर्षं गवंड्याने तेवढ्यावर भागवलं. नसतंही भागलं कदाचित, पण कौतुक करायला कुणी येतच नव्हतं, म्हणून टोचत नव्हतं. आता पायवाट झाली होती, पुस्तक आलं होतं, माणसं रांगेने येऊन त्याच्या तटाला हात लावत होती आणि 'अहाहा' करत होती. कुणासाठी? एका नसलेल्या उस्तादासाठी. साडूने कागदातून काढलेल्या बाहुल्यासाठी.

मग नगरपालिकेने तटापाशी फलक लावायचं ठरवलं. रविवारी सकाळी समारंभ. खुर्च्या वर वाहून नेल्या, त्यातल्या सहा गवंड्याने. फलकावर ठळक अक्षरांत, 'अज्ञात उस्तादाचा तट.' खाली लेखक म्हणून साडूचं नाव. साडूने कडक इस्त्रीचा सदरा घातला होता आणि त्याला घाम फुटला होता. मेव्हणी नव्या कपड्यांत मिरवत होती. गवंड्याची बायको बहिणीचा हात धरून पहिल्या रांगेत.

फोटोवाल्याने सगळ्यांना तटासमोर उभं केलं. गवंडीही सवयीने आपल्या दगडांपाशी जाऊन उभा राहिला.

"ओ काका," फोटोवाला ओरडला, "तुम्ही जरा बाजूला व्हा. तट झाकला जातोय."

गवंडी दोन पावलं सरकला.

"अजून थोडं. अजून. हां, आता फ्रेमच्या बाहेर गेलात, बरोबर."

तिथे त्याचं डोकं फिरलं.

"हा तट मी बांधलाय!" तो ओरडला. "चाळीसच्या चाळीस दगड! उस्ताद नाही न् फुस्ताद नाही!"

मग कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग सगळेच. मागून एक आवाज आला, "मग काका, वय काय आता? सातशे पूर्ण?"

"दाजी, निदान आज तरी..." मेव्हणीच्या डोळ्यांत पाणी आलं.

साडू पुढे आला आणि हळू आवाजात म्हणाला, "दादा, तुम्ही सांधे भरलेत, ते मी वहीत वाचलंय. पुढच्या आवृत्तीत घालतो ना मी ते."

हे दयेचं बोलणं होतं. ते ऐकण्यापेक्षा गवंड्याने म्हाताऱ्याची दुसरी थप्पड आनंदाने खाल्ली असती.

घरी बायकोने पदराने घाम टिपला आणि तोंड सोडलं. "जळून जळून कोळसा झालात. माझ्या बहिणीचं चांगलं झालेलं बघवत नाही तुम्हाला."

"बघवत नाही," गवंडी म्हणाला. "पण म्हणून मी खोटं बोलतोय असं होत नाही."

"खरं असतं तर तीस वर्षं गप्प बसला नसता तुम्ही. तुम्हाला साधी भाजी चांगली चिरली तरी चौघांना सांगायचं असतं."



सोमवारी किल्ला लोकांना बंद असतो. गवंड्याने साडूला निरोप धाडला, सकाळी वर ये आणि भिंग घेऊन ये. साडू आला, तीनदा बसून, चौथ्यांदा पाणी मागून. त्याला वाटलं दादा माफी मागणार. गवंड्याने एक ओबडधोबड दगड पुढ्यात घेतला, रुंद पात्याची छिन्नी काढली आणि कामाला बसला.

दगडाचं एक तोंड घडवायला अख्खा दिवस लागतो. साडू आधी घड्याळ बघत होता. मग चुळबुळत होता. दुपारपर्यंत त्याची चुळबुळ थांबली. तो कारकून असला तरी आंधळा नव्हता. छिन्नी डावीकडून उजवीकडे तिरपी जात होती, दर सातव्या घावाला गवंडी मनगट वळवत होता, आणि तिथे दगडावर एक बारीक आडवी ओळ उमटत होती. पुस्तकात साडूने या ओळीवर साडेतीन पानं लिहिली होती.

शेवटी गवंड्याने कोपऱ्यात तीन घाव घातले. पक्ष्याचं पाऊल.

साडूने भिंग लावलं. दगड बघितला, मग तट बघितला, पुन्हा दगड, पुन्हा तट. मग तो मटकन जमिनीवर बसला.

"दादा," तो म्हणाला, "माझं पुस्तक मेलं."

गवंड्याला वाटलं होतं, या घटकेला ढोल वाजतील. छातीत काहीतरी वाजलंही, पण ढोल नव्हे. तरी तो म्हणाला, "मेलं तर मेलं. सोंग होतं ते."

"सोंग तुम्ही आणलंत. मी फक्त फसलो." साडूने चष्मा काढून डोळे चोळले. "वर एका द्वारपालाला फितूर ठरवलं मी. दोनशे बारा पानांत त्याच्या बाजूने एक ओळ नाही." मग त्याने मान वर केली. "ही खूण मात्र कुठून आणलीत? मनाची?"

"मनाची कशाला? खाली उतारावर झुडपात एक जुना दगड सापडला होता मला, तटातून पडलेला. त्याच्यावर होती. तीच उचलली."

"तो दगड कुठाय?"

"वाया कशाला घालवू? तोही बसवला. यातच आहे."

साडू ताडकन उठला. मघाचा मेलेला माणूस, पण डोळ्यांत दिवा लागला. "कुठला?"

"हा..." गवंड्याने तिसऱ्या थराकडे हात केला. मग हात मागे घेतला. "नाही. चौथ्या थरातला. थांब." त्याने फडकं ओलं करून चौथा थर पुसला, मग तिसरा, मग सगळेच. बोटांनी घाव चाचपले. डोळे मिटून चाचपले. मनगट कुठे वळलंय ते पाहिलं. एकोणचाळीस दगडांवर तो स्वतः होता आणि एकावर दुसरा कुणीतरी, आणि चाळीसच्या चाळीस एकाच हाताचे वाटत होते.

"स्वतःचा हात नाही ओळखू येत?" साडूने विचारलं.

"नाही."

आयुष्यातली सगळ्यात मोठी बढाई आणि सगळ्यात मोठी नाचक्की, दोन्ही एकाच शब्दात झाली. पण ती ऐकायला साडू जागेवर होताच कुठे? तो तटाला नाक लावून दगडामागून दगड बघत सुटला होता.

"म्हणजे तो होता," साडू पुटपुटत होता. "एकच दगड, पण होता! इथे उभा राहिला होता माणूस."

"अरे, एकोणचाळीस माझे आहेत!"

"ते कळलं हो मला, दादा," साडू मागे न बघता म्हणाला. "तुमचे तर काय, तुम्ही इथेच आहात."

साडू कागदाला बेइमान नव्हता. त्याने नगरपालिकेला स्वतः पत्र लिहून चूक कळवली, फलक उतरवायला लावला आणि उरलेल्या प्रती परत घेतल्या. गावाने त्याला चार महिने शिव्या दिल्या. पुस्तक खोटं निघालं याचं कुणाला काही नव्हतं. द्वारपाल सुटला आणि किल्ला पुन्हा हरला, हे दुखलं. सहा महिन्यांनी नवी आवृत्ती आली. साडू ती स्वतः घरी घेऊन आला, मेव्हणीसह. गवंड्याने चष्मा लावला आणि बोट ठेवून पूर्व तटाचं प्रकरण वाचलं.

'पूर्वेचा तट हे तीस वर्षांपूर्वीच्या डागडुजीतलं असामान्य काम आहे. ते दिवंगत मुकादमांच्या कारकिर्दीत झालं. त्यातला एक दगड मूळचा. तो कोणता, हे आज सांगता येत नाही.' पुढची अठरा पानं त्या एका दगडाच्या उस्तादावर.

गवंड्याने पान उलटलं. परत मागे आला. शेवटचं आभाराचं पान काढलं. तिथे अजून शिडीच होती.

"माझं नाव?"

"दादा, नाव घातलं असतं तर नियम मोडला म्हणून तुम्हाला कामावरून काढलं असतं. तुमच्या साहेबांनी मला सरळ विचारलं, काम कुणाचं? मी म्हटलं, मुकादमाचं, तो वारला. फलकाच्या दिवशीचं तुमचं ओरडणं सगळ्यांनी हसण्यावारी नेलंच होतं. विषय मिटला."

"मी सांगितलं होतं का तुला मिटवायला?"

"धाकटीनेच सांगितलं त्यांना," बायको मध्ये पडली. "आणि धाकटीला मी सांगितलं. निवृत्तीला चार वर्षं राहिलीत तुमची. वाचवलंय त्यांनी तुम्हाला."

"वाचवलं नाही, पुरलंय," गवंडी म्हणाला. "आणि वर म्हाताऱ्याला बसवलंय. ज्याला हे जमलं नसतं, असं तो स्वतः म्हणाला होता!"

"कधी म्हणाला?" साडूने खिशातून पेन काढलं. "कुणी ऐकलं?"

गवंडी उठून बाहेर गेला. आता त्याला जळायला तिघे होते. साडू होता, कबरीतला मुकादम होता, आणि एका दगडाच्या भांडवलावर अठरा पानं खाणारा तो पाखरू-पावल्या होता.

पुढच्या सोमवारी तो एकटाच वर गेला. नोकरी जाईल तर जाऊ दे. पुस्तकात नसेना, तटावर त्याचं नाव असेल, बोटभर खोल, पुसून दाखवा म्हणावं. डोळ्यांच्या उंचीवरचा, सगळ्यात देखणा दगड त्याने निवडला. छिन्नी टेकवली. हातोडा उचलला.

आणि हाच त्या पाखरू-पावल्याचा असला तर?

त्याने छिन्नी काढली. शेजारच्या दगडावर टेकवली. यावरची आडवी ओळ जरा जास्तच सरळ होती. सव्विसाव्या वर्षी आपल्याला इतकी सरळ जमत होती का? त्याला आठवेना. खालच्या थरात गेला. गुडघ्यावर बसला. एका दगडाची कड इतकी स्वच्छ होती की त्याला राग आला, आणि राग आला म्हणजे तो बहुतेक आपला नसणार, असं वाटून त्याने तोही सोडला. चाळीसपैकी एकोणचाळीसांवर त्याचा हक्क होता. एकोणचाळीस वेळा त्याने हातोडा उचलला असता तरी चुकायची भीती एकदाच होती. पण त्या एका वेळेला छिन्नीखाली त्या माणसाचं काम फुटलं असतं, आणि ज्याच्या बरोबरीने बसायला त्याने तीस वर्षांपूर्वी दोन महिने रक्त आटवलं, त्याच्या दगडाची माती करणारा गवंडी म्हणून घ्यायची त्याची तयारी नव्हती. दुसऱ्या कुणाच्याही दगडाची केली असती.

ऊन डोक्यावर आलं. शर्ट पाठीला चिकटला. चाळिसाव्या दगडापाशी तो मागे सरला, तटाच्या पायथ्याशी उभा राहिला आणि रिकाम्या किल्ल्यात मोठ्याने ओरडला,

"अरे बोल ना लेका, तुझा कुठला? बाकीचे माझे आहेत!"